जिम्नीला १७ इंची रिम? आधी रबर मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नवी जिम्नी (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर), मॅन्युअल. रोज ऑफिस, पावसाळ्यात मुळशी-मावळातल्या कच्च्या वाटा, वर्षातून दोनेकदा कोकण. टायरवाल्याने १७ इंची रिमवर २३५/६० सुचवलेत आणि तुम्ही विचारताय, त्याने गाडी उंच होईल का?

होईल, जेमतेम १ सेंटिमीटर. तरीही घेऊ नका.

कंपनीचा टायर १९५/८० आर१५. रुंदी १९५ मिमी, आणि साईडवॉल त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिमी. खालीवर मिळून ३१२ आणि रिमचे ३८१, एकूण चाक ६९३ मिमी. आता २३५/६० आर१७ धरा. चाक ७१४ होतं, पण साईडवॉल उरते १४१. उंची वाढली ती लोखंडाची, रबर उलट १५ मिमीने घटलं. दगडावर चाक आपटलं की मार झेलतं ते रबर, आणि हवा कमी करून टायर पसरवायचा तर पसरायला तेच लागतं. शोरूमबाहेर १७ इंची झकास दिसते, मान्य.

माझा सल्ला: मूळ रिम तशीच ठेवा आणि २१५/७५ आर१५ ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट, दोन्हींसाठीचे) घ्या. साईडवॉल १६१, चाक सुमारे ७०४. मूळच्या साडेपाच इंच रुंदीच्या रिमवर हा टायर नीट बसतो. २३५/७५ ला किमान ६ इंची रिम लागते, शिवाय त्याचं चाक ७३४ होतं, मूळपेक्षा जवळपास ६ टक्के मोठं. म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०६ च्या आसपास असते. जिम्नीचा टॉर्क (इंजिनची चाक फिरवण्याची ताकद) १३४ एनएम. चाक मोठं केलं की प्रत्येक गिअर तेवढा जड होतो. हा उद्योग मी जुन्या जिप्सीवर करून बसलोय. ताम्हिणी चढताना पाचवा गिअर शोभेचा झाला होता आणि चौथ्यातही गाडी रडायची. सहा महिन्यांत ते टायर विकले, तेही अर्ध्या किमतीत.

आणखी एक, टायरवर मापाच्या आधी 'एलटी' (लाइट ट्रक) लिहिलंय का बघा. हे जाड, जड टायर वजनदार गाड्यांसाठी असतात. जिम्नी भरते साधारण १२०० किलो; तिच्या वजनाने ते दबतच नाहीत आणि खड्ड्यात पाठ मोडते.

रुंदीबद्दल गैरसमज फार. आपल्याकडच्या वाटेवर बहुधा वर वीतभर चिखल आणि खाली मुरूम असतो. अरुंद टायर चिखल कापून मुरमाला टेकतो. रुंद टायर वरच तरंगत घसरतो. वाळूत उलटं, पण तिथेही रुंदीपेक्षा हवा जास्त कामाची. चिखल-दगडाला १८-२० पीएसआय, वाळूला १५ च्या आसपास. त्याखाली नेलं तर वळणावर टायर रिम सोडू शकतो. म्हणून रिमचे पैसे वाचवून हवा मोजायचा चांगला गेज आणि १२ व्होल्टचा पंप घ्या. डांबरावर येताच हवा भरायची, 'घरी जाऊन भरू' नाही. (गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे. आणि भातखाचरात कुठलाच टायर घालू नका, ते कुणाचं तरी पीक असतं.)

रिम बदलायचीच असेल तर ऑफसेट विचारा, म्हणजे रिमचा गाडीला टेकणारा भाग तिच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला (अधिक) किंवा आतल्या बाजूला (उणे) आहे ते. मूळ रिम साडेपाच इंची, ऑफसेट अधिक ५. दुकानात ७ इंची, उणे २० वाली सर्रास दाखवतात. ती लावली की चाकाची बाहेरची कड ४४ मिमी बाहेर येते. बेअरिंगवर ताण, स्टिअरिंगला झटके, आणि दारं कायम चिखलाने माखलेली. २१५ ला याची काही गरज नाही.

टायर पाचच घ्या, चार नाही. जिम्नीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद देणारा मोड) पुढची-मागची चाकं एकाच वेगाने बांधलेली. स्टेपनी जुन्या मापाची लावून तशीच ४एच मध्ये चालवली तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी) आवळते. विमा कंपनीला माप बदलल्याचं लेखी कळवा, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

बसवल्यावर लगेच पैसे देऊन निघू नका. पुढचं एक चाक फूटपाथवर चढवा, स्टिअरिंग फुल लॉक करा, पुढे घ्या, मग रिव्हर्स. घासायचा असला तर तो बऱ्याचदा रिव्हर्सलाच घासतो. पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर मडगार्डच्या आत टॉर्च मारा. वाळलेल्या चिखलात कुठे चकचकीत पट्टा उठलेला दिसला, तर टायर तिथे लागतोय. फोटो इथे टाका, बघून सांगतो.