जुन्या व्यावसायिक कॉम्प्युटरमधल्या काढता येणाऱ्या मॅग्नेटिक डिस्क कशा चालायच्या? ऑपरेटरचं काम फक्त डबे बदलायचं होतं का?

‘डबे बदलायचं’ हे वाचलं आणि राहवलं नाही. १९८३ पासून सात वर्षं मी ठाण्यातल्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ऑपरेटर होतो. त्या डब्याला आम्ही पॅक म्हणायचो.

आधी यंत्राचं सांगतो. आयबीएमने १९५६ मध्ये रामॅक या कॉम्प्युटरबरोबर जी डिस्क आणली ती जागची हलत नसे. २४ इंची ५० तबकड्या, भरल्या की भरल्या. १९६२ मध्ये आयबीएमचा १३११ हा ड्राइव्ह, म्हणजे तबकड्या फिरवून त्यांवर लिहिणारं-वाचणारं यंत्र, आला आणि १४ इंची सहा तबकड्यांची चळत, म्हणजेच पॅक, उचलून कपाटात ठेवता यायला लागली. वजन साडेचार किलोच्या आसपास. अगदी वरची आणि अगदी खालची बाजू सोडून दहा बाजूंवर मिळून साधारण २० लाख अक्षरं मावायची. आजच्या हिशेबाने ते काहीच नाही, पण खरा फायदा वेगळा होता. महाग असायचा तो ड्राइव्ह. पगाराचा पॅक वेगळा, स्टोअरचा वेगळा, आणि दोन्ही एकाच ड्राइव्हवर आळीपाळीने. शिवाय टेपसारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत गुंडाळत बसायला नको, हवी ती नोंद थेट गाठता यायची.

आमचे ड्राइव्ह ८० एमबीचे, दिसायला वॉशिंग मशीनसारखे. झाकण उघडायचं, पॅकचं खालचं कव्हर काढायचं, पॅक स्पिंडलवर, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यावर, अलगद बसवून वरची मूठ फिरवायची. पॅक नीट बसला तरच वरचं कव्हर सुटून हातात येतं. म्हणजे तबकड्या उघड्या राहायच्या त्या तेवढ्या क्षणापुरत्या. मग झाकण बंद करून स्टार्टचं बटण. मिनिटाला ३६०० फेरे पूर्ण व्हायचे, गाळलेली हवा आतली धूळ बाहेर काढायची, आणि त्यानंतरच लिहिणारे-वाचणारे हेड फणीच्या दातांसारखे तबकड्यांमध्ये शिरायचे.

हेड तबकडीला टेकत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. तबकडीची कड ताशी सुमारे २४० किलोमीटरने पळत असते. तिच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर हेड तरंगतो, एखाद्या मायक्रॉनच्या आसपास अंतरावर. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. सिगारेटच्या धुराचा कणसुद्धा तिथे धोंडा ठरू शकतो.

जुलै महिना, पगाराची रात्र. ड्राइव्हच्या हवेचा फिल्टर बदलायची मुदत उलटून गेली होती. लॉगबुकमध्ये मी ते दोनदा लिहिलं होतं. पाऊणेबाराच्या सुमाराला पहिल्या ड्राइव्हमधून बारीक ‘किर्र’ असा आवाज आला, पाटीवर खडू उलटा घासल्यासारखा. पाठोपाठ जळका वास. मी ड्राइव्ह बंद केला, पॅक काढला, टॉर्च मारून पाहिलं. तपकिरी तबकडीवर चांदीसारखी चकचकीत गोल रेघ उमटली होती. चुंबकीय लेप खरवडून खालचं अॅल्युमिनियम दिसत होतं.

साहेब केबिनमध्येच होते. म्हणाले, “दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघ.”

मी म्हटलं, “साहेब, नको. इंजिनिअरला येऊ द्या.”

“उद्या पगार इंजिनिअर वाटणार आहे का? लाव म्हणतो ना.”

नोकरी पक्की झाली नव्हती. मी लावला. चाळीस सेकंदांत तोच आवाज, तोच वास. ओरखडलेल्या तबकडीवर चांगला हेड आला की तोही मरतो, आणि मेलेल्या हेडखाली चांगला पॅक ठेवला की पॅक मरतो. हा रोग असाच पसरतो, आणि पसरवणारा दर वेळी ‘लावून तर बघ’ म्हणणारा असतो.

आम्ही नोंदींच्या प्रतींच्या तीन पिढ्या वेगवेगळ्या पॅकवर ठेवायचो: सगळ्यात जुनी आजोबा, मधली बाप, चालू असलेली मुलगा. मुलगा गेला होता. साहेब म्हणाले, बाप काढ. तेव्हा मात्र मी कपाटाची किल्ली दिली नाही. चौथ्या दिवशी दोन्ही ड्राइव्हचे हेड बदलून, ते मापाच्या खास पॅकवर जुळवून झाले (हेड जरा जरी तिरका राहिला, तर इथे लिहिलेलं तिथे वाचता येत नाही), मग बापावरून सगळं परत उभं केलं. आठवड्याभराच्या नोंदी पुन्हा भरल्या. पगार पाच दिवस उशिरा झाले आणि मला मेमो मिळाला: पॅकची निष्काळजी हाताळणी.

तेव्हा ऑपरेटरचं काम काय होतं, तर कधी लावायचं नाही हे कळणं. तुमच्याकडे एखादा जुना पॅक आला असेल आणि कोणी म्हणालं की चालतोय का बघू, तर स्पष्ट नाही म्हणा. आधी प्रत्येक बाजू दिव्याखाली बघा, हेड बघा. सांगणारा कितीही मोठा असो.

एक सांगायचं राहिलं. वरचं वर्णन ऐंशीच्या दशकातल्या ड्राइव्हचं आहे. १३११ मध्ये हेड तेलाच्या दाबाने सरकायचे, आमच्यात विजेच्या कॉइलने, आणि एका बाजूवर आधीच आखलेल्या खुणा वाचत जागा धरायचे. १९७३ मध्ये आयबीएमच्या ३३४० मध्ये हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात गेल्या. पुढे तो डबा ड्राइव्हमध्येच कायमचा बसला आणि पॅक उचलायचं काम संपलं.

ते साहेब मागच्या वर्षी एका लग्नात भेटले. चार लोकांत अजून सांगतात की पॅक माझ्या हातून पडला होता. तो पॅक त्या दिवशी दुपारी तीनपासून फिरत होता, आणि पगाराच्या आधी त्याच्यावर तीन जॉब बिनचूक झाले होते. तिन्हींच्या वेळा लॉगबुकमध्ये आहेत, आणि त्याच पानावर, वरच्या ओळीत, फिल्टरचं लिहिलेलं आहे.