मूठ की दस्ता? आणि घोडा दाबत नाहीत

ठाण्याचे एक संग्राहक वाचक विचारतात : "आम्ही काही मित्र जुन्या डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरांची तुलना करत बसतो. ग्रिपला मी मूठ म्हणतो, एक मित्र दस्ता म्हणतो. बरोबर काय? घोडा दाबताना ती हातात फिरते की नाही, यावरच आमचा सगळा वाद असतो."

मूठ. तलवारीची मूठ, कट्यारीची मूठ, तशीच रिव्हॉल्व्हरची. दस्ता चूक नाही. फारसी 'दस्त' आणि संस्कृत 'हस्त' एकाच मुळातून निघालेले, आणि दस्तखत, दस्तऐवज, जबरदस्त ही त्या दस्तची मंडळी मराठीत केव्हाची नांदतायत. पण नुसतं 'दस्ता' म्हटलं की मराठी माणसाला कागदाचे ताव आठवतात. म्हणून मूठच म्हणा आणि वाद मिटवा.

खरा वाद तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. घोडा दाबत नाहीत हो! बातम्यांत, मालिकांत, अनुवादित रहस्यकथांत, जिथे तिथे 'त्याने घोडा दाबला'. बोटानं ओढतात तो चाप. काडतुसाच्या बुडावर आपटतो तो घोडा. हिंदीत 'घोडा दबाना' म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं, याला काही अर्थ नाही. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, पण ती बोली आहे, तिथे चालतं. रिव्हॉल्व्हरांची तुलना करायला बसलेल्यांनी तरी हा घोळ करू नये.

आता घोडाच का, ते बघा. युरोपात या एका भागासाठी अख्खं गोठा-अंगण रिकामं केलंय. इंग्रजांचा आणि जर्मनांचा कोंबडा, फ्रेंचांचा, इटालियनांचा आणि पोर्तुगीजांचा कुत्रा. स्पॅनिशमध्ये चापाला मांजराचं पिल्लू म्हणतात, इटालियनमध्ये छोटा रातकिडा. आपण पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून घेतले. ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधायला काढला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, इतकी ही माणसं आपल्या दारात होती. तरीही त्यांचा कुत्रा आपण घेतला नाही. आपल्याकडे घोडा आहे.

घोड्याच्या तोंडासारखा आकार म्हणून हे नाव, असं सांगणारे अभ्यासक आहेत. मला हे अजिबात पटत नाही. आकारावरून नाव द्यायचं तर तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं दारू पेटवणाऱ्या, जुन्या बंदुकीवरच्या वाकड्या दांडीला सापच म्हणावं लागेल, आणि इंग्रजीत तिचं नाव सापावरूनच पडलंय. मराठीत घोडा हा शब्द वस्तूला लागतो तेव्हा तो दिसण्यावरून नाही, वाहण्यावरून लागतो. रंगारी ज्यावर चढून छत रंगवतो तो घोडा. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी. दोन्हींत तोंड कुठे आहे? दोन्हींत आहे ती पाठ आणि पाठीवरचा भार. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा ज्या दांडीच्या टोकाला धरलेला असे आणि जी त्याला घेऊन दारूवर उतरे, ती दांडी घोडा, तोडा तिचा स्वार. पुढे चकमकीच्या बंदुकीत तोड्याची जागा गारेनं घेतली, स्वार बदलला, घोडा तोच राहिला. मग काडतुसं आली, स्वारच उरला नाही, तरी नाव टिकलं. मी हे मत कोशप्रेमींपुढे अनेकदा मांडलंय. 'पुरावा काय' एवढंच विचारतात. रंगाऱ्याचा घोडा आणि तंबोऱ्याची घोडी हाच पुरावा. आकारवाल्यांकडे तर तेवढाही नाही.

चापाबद्दलही एक गैरसमज काढून टाकतो. चाप म्हणजे धनुष्य, म्हणून ट्रिगरलाही चाप, असं संस्कृताभिमानी सांगतात. केसांचा चाप, चाप लावणे, चापून-चोपून नेसलेलं लुगडं, या सगळ्यात दाबणं आहे, धनुष्य कुठेही नाही. माझ्या मते हा चाप त्या 'चापणे'चाच.

तुमच्या मुठीचा प्रश्न या दोन शब्दांशिवाय सुटतच नाही, म्हणून एवढं लिहिलं. कोल्टच्या १८७३ च्या सिंगल-ॲक्शनमध्ये प्रत्येक बाराला घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा. तिची नांगराच्या मुठीसारखी वळलेली मूठ धक्क्यासरशी हातात वर फिरते, आणि घोडा पुन्हा अंगठ्याखाली येतो. तिथे मूठ फिरणं हा गुण. डबल-ॲक्शनमध्ये घोडा उचलायचं काम चापच करतो. ओढ लांब आणि जड. त्यात मूठ फिरली की बोटाची जागा सरकते आणि नेम जातो. तिथे मूठ फिरणं हा दोष. म्हणून स्मिथ अँड वेसननं सांगाड्याला मागे वर खांदा ठेवला आणि १९३० च्या दशकात मुठीच्या दोन्ही बाजूंच्या 'मॅग्ना' नावाच्या फळ्या त्या खांद्यापर्यंत चढवल्या. वेब्लीच्या लष्करी रिव्हॉल्व्हरची मूठ १८८७ पासून खाली पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल निमुळती होती. १९१५ च्या मार्क सहामध्ये ती चौकोनी बुडाची झाली. घोडा उचलणारं बोट कोणतं, हे आधी ठरवा, मग मुठीला चांगली-वाईट म्हणा.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. म्हणजे तुमची बरीचशी तुलना फोटोंवर आणि जुन्या कॅटलॉगांवर चालत असणार. वस्तू हातात नसताना शब्द तरी नेमके हवेत. 'डबल-ॲक्शन'ला 'दुहेरी क्रियेचे' वगैरे करू नका, ते कुणालाच कळत नाही. आहे तसंच ठेवा. पण एन्फील्डच्या १९३८ च्या नमुन्यात घोड्याची अंगठा टेकवायची शेंडी काढून टाकली आहे, ते फक्त चापावरच चालतं. त्याच्या वर्णनात 'घोड्याला शेंडी नाही' असं लिहा. 'चाप कापलेला' असं लिहिलेलं मी वाचलंय. चाप कापल्यावर ते रिव्हॉल्व्हर चालणार कशावर?