टर्बो बदलण्याआधी तो कशानं गेला ते पाहा

टर्बोचे, म्हणजे एक्झॉस्टच्या गरम वायूनं फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचे, प्रश्न काही थांबून नाही राहिले. गाडी वेगळी, गाव वेगळं, पण गोंधळ तोच, म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतले. काहींनी तर व्हिडिओ पाहून अर्धा टर्बो खोलला आणि मग विचारलं आहे. आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मानेवाड्यातून : माझी २०१६ ची डिझेल स्विफ्ट आहे. सॉकेट सेट आहे, जॅक आहे, रविवार मोकळा आहे. टर्बो घरी बदलता येईल का?

येईल, पण एका रविवारात होईल असं धरू नका, कारण वेळ टर्बोला नाही लागत, गंजलेल्या नटांना लागतो. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या, बाजूचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) वर्षानुवर्षं तापून जाम झालेले असतात, त्यांच्यावर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि थोडं सैल, थोडं परत आवळा असं करत काढा. सरळ झटका दिला की स्टड तुटतो, मग मॅनिफोल्ड (टर्बो ज्याच्यावर बसतो तो एक्झॉस्टचा भाग) उतरवून मशीन शॉपला न्यावा लागतो आणि गाडी आठवडाभर अंगणात उभी. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली पाहिजे, आणि खाली शिरायचं असेल तर गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही आणि विटांवर तर नाहीच नाही, ह्याच्यात मी कोणाचं ऐकून घेत नाही.

टर्बो उचलताना ॲक्च्युएटरचा, म्हणजे टर्बोची हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, रॉड धरू नका आणि त्याच्यावरचा नट फिरवू नका, ती सेटिंग आहे. उघडी राहिलेली तोंडं टेपनं बंद करा, फडकं कोंबू नका. माझ्याकडे एक गाडी आली होती, इनटेक पाइपात विसरलेला फडक्याचा बोळा नव्याकोऱ्या टर्बोनं ओढून घेतला, ॲल्युमिनियमच्या पात्या पक्कडीनं पिळल्यासारख्या वाकल्या होत्या आणि मधे सुताचे धागे गुंडाळलेले. पहिल्यांदाच करत असाल तर आधी केलेला माणूस सोबत बसवा. गाडी टर्बो पेट्रोल असेल तर मी घरी करा म्हणणारच नाही, त्यात बहुतेक वेळा कूलंटच्या लाइनी पण असतात, सरळ जाणकाराकडे न्या.

खामल्यातून : ऑइल ड्रेनच्या गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावलं तर चालेल का?

नाही. सिलिकॉनचा सुटलेला तुकडा टर्बोतून खाली उतरणाऱ्या तेलाची वाट अडवतो. नवं गॅस्केट आणि बँजो बोल्टला (तेलाचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) नवे तांब्याचे वॉशर.

कामठीहून : आठ महिन्यांत दोन टर्बो गेले. दुसरा तर वीसच दिवस चालला. गॅरेजवाला म्हणते पीसच खराब निघाला. आता तिसरा घेऊ की नको?

आत्ता नका घेऊ. भाऊ, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येते आणि दर वेळी तेच उत्तर मिळालेलं असते, पीस खराब. पीस खराब निघू शकतो, नाही असं नाही, पण टर्बो बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही, त्याला इंजिनातलं काहीतरी मारते, आणि ते तसंच ठेवून नवा बसवला की नवाही त्याच वाटेनं जातो.

आतला शाफ्ट, म्हणजे पात्यांचा दांडा, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, एवढ्या वेगात तो धातूवर नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर दोन-चार सेकंद जरी गेला तरी बेअरिंग खरडली जाते. आता हे तेल येते कुठून, तर एका बारीक फीड पाइपातून, आणि तो पाइप टर्बोच्या गरम अंगाजवळून जातो. जुनं तेल त्यात जळून कोळसा होऊन बसते. मी एका गाडीचा फीड पाइप कापून पाहिला होता, बाहेरून चकचकीत, आतून मधोमध सुई जाईल एवढंच भोक उरलं होतं, बाकी सगळा काळा कडक थर, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तरी निघेना. आणि त्या गाडीला तोच पाइप पेट्रोलनं धुऊन परत लावलेला होता! पाइप धुऊ नका, बदला. टर्बोच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही.

मग ड्रेन पाइप. टर्बोतून तेल खाली आपल्या वजनानं उतरते, तिथं पंप नसतो, म्हणून तो पाइप चेपलेला, वळलेला किंवा तुंबलेला असेल तर तेल मागं चढते आणि सीलमधून बाहेर पडते. क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातला दाब सोडणारी नळी, तुंबली असेल तरी तसंच होते, खालून दाब आल्यावर तेल उतरेल कसं. लोक म्हणतात सील गेली, अन् सील चांगली असते.

शिवाय पहिला टर्बो तुटताना त्याचा चुरा कुठं गेला हे पाहिलं का? इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी, काढून उलटा करा. मी केला की बऱ्याच वेळा पाव-अर्धा लीटर तेल गळते आणि त्यात चंदेरी कण चमकतात. ते धुतल्याशिवाय नवा टर्बो लावणं म्हणजे ते कण थेट इंजिनात पाठवणं. सायलेन्सरच्या बाजूला कॅट किंवा डीपीएफ (धूर साफ करणारे भाग) चोक असेल तर मागचा दाब वाढून टर्बो तापतो, तेही तपासावं लागते.

म्हणून तिसरा घ्यायच्या आधी तुमचा दुसरा टर्बो उघडून कोणीतरी पाहिला पाहिजे. शाफ्ट निळा पडला असेल तर तेल पोचत नव्हतं, बेअरिंगवर ओरखडे असतील तर तेलात घाण होती, कॉम्प्रेसरच्या पात्या चावल्यासारख्या असतील तर एअर फिल्टरच्या बाजूनं काही आत गेलं. जुना पीस गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, मागून घ्या. गेजनं ऑइल प्रेशर मोजायला सांगा. आणि जो माणूस हे न पाहता "नवा टाकून देतो" म्हणते त्याच्याकडून गाडी परत घ्या.

महालातून : शाफ्टला किती खेळ चालतो?

आडवा किंचित जाणवला तर चालतो, तेल नसताना तो असतोच. पुढेमागे हाताला जाणवला किंवा पाती बाहेरच्या कवचाला घासली तर टर्बो गेला.

मनीषनगरातून, एका ताईंचा : गाडी पिकअप घेत नाही, काळा धूर, ॲक्सिलरेटर दाबला की सूऽऽ आवाज. दोन ठिकाणी टर्बो गेला सांगितलं, एकानं तर गाडी न उघडताच.

ताई, न उघडता सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं इंटरकूलरच्या फाटलेल्या होजची पण आहेत. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत रबर वाळते, क्लिपजवळ चीर पडते, हवा तिथून निघून जाते, डिझेल मात्र तेवढंच पडत राहते म्हणून काळा धूर. होज दाबून, वाकवून पाहायची, तेलाचा ओला डाग कुठं आहे ते शोधायचं. व्हॅक्यूमची बारीक नळी पण पाहायची. तुमची गाडी १.३ इंजिनची ९० पीएसवाली असेल तर तिच्या टर्बोत हलणाऱ्या पात्या असतात, व्हीजीटी म्हणतात, त्या काजळीनं अडकतात आणि हेच होते, ७५ पीएसवाल्यात त्या नसतात. स्कॅनर लावून बूस्टचा, म्हणजे टर्बो देतो त्या हवेच्या दाबाचा, आकडा पाहणाऱ्याकडे न्या, नंतर टर्बोचं बोलू.

हिंगण्याहून : ऑनलाइन अर्ध्या किमतीत टर्बो मिळून राहिला, डब्बा कंपनीचाच दिसतो. घ्यावा का?

डब्बा छापता येतो. पुष्कळ वेळा जुन्या कवचात नवं कार्ट्रिज (शाफ्ट-बेअरिंगचा आतला गाभा) टाकून, वरून सँडब्लास्ट करून तो नवा म्हणून विकतात. रिकंडिशन्ड वाईटच असं मी म्हणत नाही, पण कार्ट्रिज बॅलन्सिंग मशीनवर तपासल्याचा रिपोर्ट पाहिजे आणि व्हीजीटी असेल तर त्याच्या फ्लो सेटिंगचा पण. रिपोर्ट मागितल्यावर विक्रेता विषय बदलते का बघा. जुन्या टर्बोच्या पट्टीवरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, "याच गाडीचा आहे" एवढ्यावर घेऊ नका.

वर्ध्याहून : दिवाळीपासून निळा धूर आहे, हजार किलोमीटरला लीटरभर तेल टाकतो. उन्हाळ्यापर्यंत चालवू का?

नका चालवू. दिवाळीपासून थांबलात हेच जास्त झालं. डिझेल इंजिनला टर्बोतून गळणारं तेल इंधनासारखं मिळालं की इंजिन स्वतःहून पळत सुटते, चावी काढली तरी बंद होत नाही, आवाज चढत जातो आणि इंजिन फुटेपर्यंत थांबत नाही. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक गच्च दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, म्हणजे बंद पडेल. नाही पडलं तर सगळे उतरून दूर व्हा, बॉनेट उघडायला जाऊ नका. पण तिथपर्यंत जाऊच देऊ नका, या आठवड्यात दाखवा, आणि टोचन करून न्या.

जरीपटक्यातून : समृद्धीवरून १२० नं आल्यावर पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची असते म्हणतात, खरं का?

पाच नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू आलात तर झालं, नाहीतर मिनिटभर आयडल. एकदम बंद केली की आतलं तेल तिथंच जळते. तो कामठीच्या उत्तरातला कोळसा असाच तयार होतो.

हिंगण्याहूनच, दुसरे : टर्बो बसवला, आता फक्त स्टार्ट मारायचा आहे. काही काळजी?

थांबा, चावी लावू नका. फीडच्या भोकातून टर्बोत स्वच्छ तेल ओता, बोटानं व्हील फिरवा, परत ओता, मग पाइप लावा. तेल आणि ऑइल फिल्टर नवं पाहिजे, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेला तोच, आणि डीपीएफवाल्या बीएस ६ डिझेलला कमी राखेचंच तेल. मग इंजिन चालू होऊ नये म्हणून इंजेक्टरचे वायरचे कनेक्टर काढून ऑइलचा लाइट जाईपर्यंत दहा-दहा सेकंद क्रँक करा, मधे स्टार्टरला उसंत द्या. डिझेलच्या हाय प्रेशर लाइनला हात लावू नका, ती धार कातडीच्या आत शिरते. कनेक्टर परत लावून स्टार्ट करा आणि चार-पाच मिनिटं ॲक्सिलरेटरला पाय नको. टॉर्च घेऊन बँजो आणि ड्रेनचा जोड पाहा, ओलं दिसलं तर लगेच बंद. तेल परत मोजा. कनेक्टर काढल्यामुळं एरर कोड पडले असतील, इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही लागेल, म्हणून त्याच दिवशी हळूहळू चालवत स्कॅनरवाल्याकडे जा.