वाचक विचारतात : जगभरच्या नाचगाण्यांचा एक तास

प्रश्न : रेडिओवर दर आठवड्याला एक तास जगभरची नाचायला लावणारी गाणी वाजवायची आहेत. किती गाणी लागतील? देशांनुसार क्रम लावला तर चालेल का?

उत्तर : आधी हिशेब. 60 मिनिटांतून सुरुवातीची आणि शेवटची धून, केंद्राची ओळख यांना 2 मिनिटं द्या, निवेदनाला 6. उरतात 52. गाणं सरासरी 4 मिनिटं 20 सेकंदांचं धरलं तर 12 गाणी बसतात. दोन गाणी जास्तीची हाताशी ठेवा. त्यातलं एक तीन मिनिटांच्या आतलं असू द्या, शेवटी वेळ उरला तर तेच कामाला येतं.

देशांनुसार क्रम मात्र लावू नका. तसं केलं की कार्यक्रमाची भूगोलाची तासिका होते आणि नाचणारा खाली बसतो. क्रम लयीवर लावा. तीन-तीन गाण्यांचे चार गट करा, गटाच्या आत अजिबात बोलू नका, जे बोलायचं ते दोन गटांच्या मध्ये. कोलंबियाची कुंबिया (हे सगळे नाचसंगीताचे प्रकार) साधारण मिनिटाला 80 ते 100 ठोक्यांत चालते, दक्षिण आफ्रिकेचं आमापियानो 112 च्या आसपास, अंगोलाचं कुदुरो 135-140, त्रिनिदादचा जलद सोका 160 च्या घरात. एका गटातल्या गाण्यांत आठ-दहा ठोक्यांहून जास्त फरक नको. मोठी उडी घ्यायचीच असेल तर दुगुनीची घ्या. 80 ची कुंबिया संपते तिथे 160 चा सोका थेट सुरू केला तर पाय अडखळत नाहीत, कारण आधीचा ठोका नव्यात जसाच्या तसा सापडतो. 100 वरून 135 वर गेलात तर तो सापडत नाही. सर्वांत जलद गट तिसरा ठेवा. पहिल्याच गटात सगळा जोर संपवला तर पुढचा पाऊण तास उतार लागतो.

प्रश्न : संगणक दोन्ही गाण्यांचा वेग सारखाच दाखवतो, तरी एकातून दुसऱ्यात जाताना ठेका लडबडतो. असं का होतं?

उत्तर : कारणं बहुधा चार असतात.

संगणकाने वेग निम्मा किंवा दुप्पट मोजलेला असतो. त्यावर विसंबू नका. 15 सेकंद टेबलावर बोट आपटा आणि आकडा चारने गुणा.

दुसरं, जुन्या ध्वनिमुद्रणांत हाडामांसाचा वादक वाजवतो. पहिल्या कडव्यात 118 असलेली लय शेवटी 123 होते. तिथे दोन गाणी एकमेकांवर लांबवर चढवू नका. एका मात्रेवर कापून पुढचं गाणं सुरू करा किंवा जोडण्यापुरत्या शेवटच्या 30 सेकंदांची लय वेगळी मोजा. गाण्याचा वेग वाढवायचा तर 3 टक्क्यांपर्यंत कानाला कळत नाही. 6 टक्क्यांवर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. स्वर जागच्या जागी धरून ठेवणारं बटण दाबलं तर गिटारचा आघात बोथट होतो.

तिसरं, सम चुकलेली असते. गाणं समेवरच उठतं असं नाही. झांज किंवा ढोल अर्धी मात्रा आधी वाजतो आणि संगणक त्यालाच पहिला ठोका समजतो.

चौथं कारण फार थोडे जण तपासतात, आणि खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते. क्यूबाच्या सोन या नाचसंगीतात आणि साल्सात क्लावे नावाचा पाच ठोक्यांचा सांगाडा असतो. 16 बारीक भाग मोजा आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या : आधी तीन, मग दोन. काही गाणी हेच उलटं धरतात, आधी दोन मग तीन. तीन-दोनवर दोन-तीन चढवलं तर वेग काटेकोर जुळूनही कानाला भांडण ऐकू येतं. उपाय सोपा आहे : दुसरं गाणं आठ भाग पुढे सरकवा. बल्गेरियाच्या राचेनित्सा या नाचात सात मात्रा 2-2-3 अशा पडतात. रूपक तालाच्या 3-2-2 ची सवय असलेला कान इथे समेवर चुकतो. अशा गाण्याला चार मात्रांच्या गाण्याशी जोडूच नका, मध्ये दोन वाक्यं बोला.

प्रश्न : काही आफ्रिकी गाणी दहा-पंधरा मिनिटांची असतात. कापावीत का?

उत्तर : कापा, पण शेपटी कापू नका. काँगोच्या सुकूस या नाचसंगीतात पहिला भाग सावकाश गायनाचा असतो आणि नंतर सेबेन येतो : गिटार पुढे सरसावतात, गाणं मागे पडतं आणि नाचणारे तिथेच मोकळे होतात. चार मिनिटांवर आवाज उतरवून गाणं संपवलंत तर श्रोत्याला नुसतं दार दाखवून परत पाठवलंत. त्यापेक्षा सुरुवातीचं पुन्हा येणारं एखादं कडवं काढा. समेवर कापा, जोडाला 10-20 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं) द्या आणि बेसचा स्वर मध्येच तुटत नाही ना, हे हेडफोनवर ऐका. नायजेरियाचे गायक फेला कुटी यांच्या गाण्यांत गायकाचा आवाज यायलाच कित्येक मिनिटं लागतात. त्यांचं एखादं गाणं महिन्यातून एकदा अख्खं वाजवा, त्या दिवशी बाकीची गाणी कमी करा.

प्रश्न : 1960 च्या दशकातलं गाणं दबकं वाटतं आणि पुढचं नवं अंगावर येतं.

उत्तर : तुम्ही आवाजाचं शिखर जुळवत आहात. कानाला सरासरी जोर कळतो. तो एलयूएफएस (LUFS) या एककात मोजतात. युरोपातल्या प्रसारणासाठी 2010 पासून उणे 23 हा आकडा आहे. तुमच्या केंद्राचा वेगळा असेल तर तो घ्या, पण सगळी गाणी एकाच आकड्यावर आणा. नवं गाणं खाली उतरवा. जुनं दाबून फुगवलंत तर ढोलाचा आघात सपाट होतो, आणि नाच त्या आघातावरच असतो. शेवटी मोनोचं, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करणारं, बटण दाबून पूर्ण तास ऐका. छोटे रेडिओ मोनो वाजवतात. दोनपैकी एका बाजूच्या धन-ऋण तारा उलट्या जोडल्या गेल्या असतील तर मोनोत बेसच नाहीसा होतो.

प्रश्न : निवेदनात काय सांगावं?

उत्तर : गाण्यामागे साधारण 30 सेकंद, म्हणजे गटामागे दीड मिनिट. कलाकार, गाव किंवा शहर, भाषा, वर्ष आणि ऐकण्याजोगी एक गोष्ट, म्हणजे ‘गिटार बदलते ती जागा ऐका’. ‘आफ्रिकी गाणं’ म्हणू नका. ‘किन्शासाचं, लिंगाला भाषेतलं’ म्हणा. नावाचा उच्चार कलाकाराच्या स्वतःच्या मुलाखतीतून ऐकून देवनागरीत लिहून ठेवा. शब्दांचा अर्थ आधी विचारून घ्या, कारण नाचाच्या ठेक्यावर शिव्याही असतात आणि शोकही.

प्रश्न : कार्यक्रम नंतर पॉडकास्ट म्हणून ठेवता येईल का?

उत्तर : प्रसारणाचा परवाना सहसा तेवढ्याला पुरत नाही. मागेल तेव्हा ऐकवण्याचे हक्क वेगळे असतात आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क गीत-संगीताच्या हक्कांहून निराळे. दोन्ही परवानग्या लेखी हातात येईपर्यंत फक्त गाण्यांची यादी आणि तुमचं निवेदन ठेवा.