आधी स्ट्रिप बघायला माग

अगं, मेसेज वाचला तुझा. सीएमएलच्या, म्हणजे त्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरच्या ओपीडीत कंटाळा येतो म्हणतेस, सगळे पेशंट सारखेच, रिपोर्ट दाखवायचा, गोळ्या लिहून घ्यायच्या आणि एसटी पकडायला पळायचं. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं.

पण हा आजार असा कंटाळवाणा व्हायला चाळीस वर्षं लागलीयेत बरं का. १९६० ला फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड या संशोधकांना या पेशंटच्या पेशींत एक आखूड क्रोमोसोम (गुणसूत्र) दिसला, १९७३ ला शास्त्रज्ञ जॅनेट रोलीनी दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालीये, आणि त्या जोडातून जे बीसीआर-एबीएल प्रोटीन बनतं ते म्हणजे चालूच राहिलेलं बटण, पांढऱ्या पेशी वाढवत सुटतं. २००१ ला बाजारात आलेलं इमॅटिनिब, म्हणजे आपली रोजची गोळी, त्या प्रोटीनच्या एटीपीच्या (त्याला ऊर्जा देणाऱ्या रेणूच्या) खाचेत जाऊन बसतं. बसलंय तोवर बटण बंद. आजाराच्या मूळ पेशी मात्र हाडांच्या मज्जेत दबा धरून असतातच, म्हणून गोळी रोज.

आता माझी फजिती ऐक. एका पेशंटचा पीसीआर, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजणारी टेस्ट, ०.०८ वरून थेट २.४ टक्के. मी लगेच हुशारी केली, म्युटेशन टेस्ट लिहिली, डोक्यात टी३१५आय हा बीसीआर-एबीएलमधला बदल, म्हणजे इमॅटिनिब चालणारच नाही, त्यावर चालणारं पोनाटिनिब कुठून परवडणार वगैरे. तेवढ्यात त्याच्या बायकोनं पिशवीतून स्ट्रिपा काढून टेबलावर ठेवल्या. निम्म्या भरलेल्या! गोळीमुळे सकाळी पापण्या सुजायच्या, गावात लोक म्हणायचे पिऊन आला, म्हणून गडी एक दिवसाआड घ्यायचा.

तेव्हा "नियमित घेता ना?" विचारूच नकोस, त्यावर "हो मॅडम" ठरलेलं असतं. "या महिन्यात किती उरल्या?" विचार. पोटऱ्यांत गोळे येतात का, मळमळतं का, जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत घेतात का तेही. पैशांचंही विचार, १ एप्रिल २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या, पेटंट नाकारणाऱ्या निकालामुळे आपल्याकडे इमॅटिनिबचं स्वस्त जेनेरिक (इतर कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध) मिळतं, तरी प्रत्येक फेरीला मजुरी बुडते आणि ती कुणी सांगत नाही.

तो अजून येतो. परवा विचारत होता, आता बंद करू का. म्हटलं, काही वर्षं रिपोर्ट अगदी तळाला टिकला तरच, तोही दर महिन्याला पीसीआर करायची तयारी असेल तर, कारण साधारण निम्म्यांचा आजार परत डोकं वर काढतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. "मग राहू द्या," म्हणाला, आणि गॉगल लावून निघाला. पापण्या अजून सुजतात ना.