अमेरिकेत विद्यापीठ बेसबॉलमध्ये सर्वांत यशस्वी संघ कोणता?

राष्ट्रीय विजेतेपदं मोजायची तर उत्तर एकच: लॉस एंजेलिसचं युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया. एकूण 12 विजेतेपदं, त्यातली 11 प्रशिक्षक रॉड डेडो यांच्या काळातली. 1942 ते 1986 एवढा काळ ते या संघासोबत होते. त्यांचा स्वतःचा मालवाहतुकीचा व्यवसाय चांगला चालत असल्यामुळे विद्यापीठाकडून ते वर्षाला नाममात्र 1 डॉलर मानधन घ्यायचे. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पहिलं विजेतेपद 1948 चं. तेव्हा हरलेल्या येल संघाचा कर्णधार होता जॉर्ज बुश, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश! 1970 ते 1974 सलग पाच वेळा जिंकले. त्यातला 1973 चा मिनेसोटाविरुद्धचा सामना तर विसरणं अशक्य. समोर डेव्ह विनफिल्डसारखा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू), नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये 0-7 अशी पिछाडी, आणि तिथून 8 धावा काढून 8-7 ने विजय. टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर हे व्यावसायिक बेसबॉलमधले नामवंत खेळाडू याच विद्यापीठातून पुढे आले.

डेडोंनंतर फक्त एकदा, 1998 मध्ये, प्रशिक्षक माइक गिलेस्पी यांच्या संघाने अंतिम सामना 21-14 असा जिंकला.