'मरणान्तानि वैराणि' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे : वादग्रस्त नेता गेला की एकीकडे श्रद्धांजलीचा पूर येतो, दुसरीकडे त्याच्या कारभाराची उजळणी सुरू होते, आणि मग कुणीतरी 'मरणान्ति वैराणि' असं सुनावून दुसऱ्या बाजूला गप्प करू बघतं. 'गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' हाच या वचनाचा अर्थ आहे का? शब्द 'मरणान्ति' की 'मरणान्तानि'? आणि ज्याच्याबद्दल मनात आदर नाही अशा नेत्याची बातमी सांगताना 'वारले', 'निधन झालं', 'मेला' यांतलं काय वापरावं?

रूपाचा प्रश्न सोपा आहे. 'मरणान्तानि' हेच बरोबर. मरण हा ज्याचा अंत, ते 'मरणान्त'. 'वैर' हा शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन 'वैराणि', म्हणून विशेषणही 'मरणान्तानि'. 'मरणान्ति' असं रूप संस्कृतात इथे बसत नाही. ते मराठी कानाने घडवलेलं असावं. आपण 'विचारांती', 'चौकशीअंती', 'अनुभवांती' म्हणतो, तसंच 'मरणांती' ऐकू येतं आणि 'मरणानंतर वैर नाही' असा अर्थ आपोआप लागतो. बोलण्यात ते इतकं रुळलंय की कुणाला टोकण्यात अर्थ नाही. लिहिताना मात्र पूर्ण रूप लिहावं.

अर्थाची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हे वचन कुठून आलं ते पाहिलं की लक्षात येतं, आज ते जिथे वापरलं जातं जवळजवळ तशाच भांडणातून ते जन्मलं आहे.

वाल्मीकी रामायणातलं युद्धकांड. रावण पडला आहे, त्याच्या स्त्रिया आक्रोश करताहेत. राम बिभीषणाला सांगतो, भावाचे संस्कार कर, या स्त्रियांचं सांत्वन कर. बिभीषण नकार देतो. ज्याने धर्म सोडला, जो क्रूर होता, खोटा होता, ज्याने दुसऱ्याच्या पत्नीला हात लावला, त्याचा संस्कार मी करणार नाही. भावाच्या रूपातला तो माझा शत्रूच होता. पुढे तो जे म्हणतो ते मला या सगळ्या प्रसंगातलं सगळ्यात जिवंत वाक्य वाटतं : लोक आज मला निर्दय म्हणतील, पण त्याचे अवगुण ऐकले की तेच लोक म्हणतील, याने योग्य केलं. 'लोक काय म्हणतील' हा विचार तिथेही हजर आहे, आणि लोक दोन्ही बाजूंनी बोलतील हेही बिभीषणाला ठाऊक आहे.

यावर रामाने काय उत्तर दिलं? 'असं बोलू नकोस, तो आता गेला' असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, हा निशाचर अधर्माने आणि असत्याने भरलेला होता, 'कामम्'. या एका अव्ययाकडे नीट पाहावं. 'कामम्' म्हणजे 'मान्य', 'असेल', 'तुझं खरं धरू'. बिभीषणाचा एकही आरोप राम खोडत नाही. आरोप पदरात घेऊन मग तो पुढे सांगतो की हा तेजस्वी होता, बलवान होता, शूर होता. आणि त्यानंतर येतो तो श्लोक :

मरणान्तानि वैराणि निर्वृत्तं नः प्रयोजनम् ।
क्रियतामस्य संस्कारो ममाप्येष यथा तव ॥

वैरं मरणापाशी संपतात. आपलं काम झालं. आता याचा संस्कार कर. हा जसा तुझा, तसा माझाही.

आपण पहिला चरण तेवढा उचलला आणि बाकीचे तीन सोडले. 'निर्वृत्तं नः प्रयोजनम्' मध्ये कारण आहे : ज्यासाठी वैर धरलं होतं ते साध्य झालं, आता वैर पुढे चालवून करायचं काय? 'क्रियतामस्य संस्कारः' मध्ये मागणी आहे, आणि ती फक्त संस्काराची आहे. मौनाची नाही, स्तुतीची तर नाहीच. 'ममाप्येष यथा तव' हा चरण सगळ्यात अवघड. ज्याने आपली पत्नी पळवली त्याच्याबद्दल 'तो माझाही आहे' म्हणायचं. पण लक्षात घ्या, हे तो 'कामम्' म्हणून झाल्यावर म्हणतो आहे. दोष नाकारून जवळ घेणं निराळं आणि दोष मान्य करून माणूस म्हणून त्याचं देणं देणं निराळं.

तेव्हा तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर : नाही, 'गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये' हा या वचनाचा अर्थ नाही. तो अर्थ एका वेगळ्या वचनाचा आहे आणि ते आपल्याकडे इंग्रजी वाचनातून आलं असावं. 'मृताची निंदा करू नये' असं स्पार्टाच्या खिलॉन नावाच्या ज्ञान्याने सांगितल्याचं ग्रीक चरित्रकार डायोजेनिस लेअर्शियस नोंदवतो. पंधराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं, तेव्हा ते आणखी कडक झालं : मृतांविषयी चांगलं तेवढंच बोलावं. ही शिकवण बरी की वाईट हा वेगळा वाद. पण आज आपण शब्द वाल्मीकीचे घेतो आणि त्यात आशय त्या लॅटिन वचनाचा भरतो. मला हे खटकतं, कारण या अदलाबदलीत 'कामम्' हरवतं.

आपल्या मराठीत तर या अतिस्तुतीला चांगली म्हणही आहे : मेल्या म्हशीला मणभर दूध. ज्या भाषेने ही म्हण घडवली, तिने मरणाने गुण वाढतात हे कधीच मान्य केलेलं दिसत नाही.

महाराष्ट्रात हे वचन अफझलखानाच्या संदर्भात पुष्कळदा येतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान मारला गेला, आणि त्याची कबर तिथेच आहे. हे उदाहरण देणारे बहुतेक वेळा दुसरी गोष्ट सांगायची विसरतात. त्याच प्रसंगावर अज्ञानदासाने शिवकाळातच पोवाडा रचला आणि तो गाजला. म्हणजे खानाला कबर मिळाली, आणि खान कोण होता, काय करायला आला होता हे खणखणीत आवाजात गायलंही गेलं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या. मला वाटतं, श्लोकाच्या अर्थाला याहून चांगली टीप मिळणार नाही.

मग श्लोक कशाला आड येतो? मृत्यूचा जल्लोष करायला. तिथे वैर मरणाच्या पुढे गेलेलं असतं. गांधीजींच्या हत्येनंतर संघाच्या लोकांनी आनंद व्यक्त केला आणि मिठाई वाटली, असं सरदार पटेलांनी गोळवलकरांना सप्टेंबर १९४८ मध्ये लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर, ज्यांच्या कारकिर्दीत तिथल्या कोळसा खाणी बंद पडल्या, ८ एप्रिल २०१३ ला वारल्या, तेव्हा लंडनच्या ब्रिक्स्टन भागात लोक रस्त्यावर येऊन नाचले. १७ एप्रिलला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांचे अंत्यविधी झाले त्याच दिवशी गोल्डथॉर्प या खाणकामगारांच्या गावात त्यांचा पुतळा जाळला गेला. क्यूबावर अनेक दशकं सत्ता गाजवलेले फिदेल कॅस्ट्रो २५ नोव्हेंबर २०१६ ला गेले. क्यूबात नऊ दिवसांचा दुखवटा आणि मायामीत क्यूबातून परागंदा झालेल्यांचा रात्रभर जल्लोष.

ही उदाहरणं एका पारड्यात घालू नयेत. खुनाचा आनंद आणि म्हातारपणाने आलेल्या मरणाचा आनंद सारखा नाही. खाण बंद पडून ज्याचं गाव बसलं, किंवा ज्याचा भाऊ तुरुंगात सडला, त्याच्या तोंडून 'सुटलो' निघालं तर मी त्याला श्लोक ऐकवायला जाणार नाही. 'सुटलो' आणि 'बरं झालं मेला' यांत फरक आहे आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही : पहिल्यात बोलणारा स्वतःबद्दल बोलतो, दुसऱ्यात मेलेल्याबद्दल. बिभीषणाचं बोलणं पहिल्या जातीचं आहे, म्हणून राम त्याच्यावर चिडत नाही.

आणि साधा प्रश्न विचारणं तर वैरातही मोडत नाही. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ ला गेले. त्यानंतर मुंबई बंद का, एवढाच सूर असलेल्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते पसंत केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाचा तिथे वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं. त्या पोस्टवर 'मरणान्तानि वैराणि' लागू होत नव्हतं, कारण मुळात तिथे वैरच नव्हतं.

आता क्रियापदांकडे. 'मेला' हा शब्द अपमानाचा कधी होतो, हे पाहण्यासारखं आहे. 'पुरात चाळीस माणसं मेली' यात कुणालाही अपमान दिसत नाही. 'आजोबा मेले' म्हणताना मात्र जीभ अडते. संख्या असली की 'मरणे' निव्वळ घटना असते. नाव आलं की तेच क्रियापद बोलणाऱ्याचं मत सांगू लागतं. काळाचं अंतर पडलं की धार पुन्हा बोथट होते : 'औरंगजेब १७०७ मध्ये मेला' हे वाक्य इतिहास सांगताना सहज येतं. म्हणून कालपरवा गेलेल्या नेत्याला 'मेला' म्हणणं ही बातमी राहत नाही, तो शेरा होतो. 'ते मेले' असं आदरार्थी बहुवचनात म्हणणं आणखी विचित्र, प्रत्यय मान देतो आणि धातू तो काढून घेतो.

'मृत्यू' आणि 'निधन' यांतही वर्तमानपत्रांनी एक अलिखित रेषा आखून ठेवली आहे. अपघातात, तुरुंगात, चकमकीत मृत्यू होतो. नाव असलेल्या माणसाचं निधन होतं. त्यामुळे नेत्याच्या बातमीत मुद्दाम 'मृत्यू' लिहिलं तर वाचणाऱ्याला ते टोचतं, जरी शब्दात काही गैर नसलं तरी. 'निधन' मध्ये स्तुती नाही. गीतेतलं 'स्वधर्मे निधनं श्रेयः' आठवा, साधं मरणच. विरोधकाने 'निधन' लिहिलं म्हणून तो विकला गेला असं होत नाही. 'वारले' आणि 'गेले' तर घरच्या बोलण्यातले, सगळ्यांना चालणारे. 'कैलासवासी', 'वैकुंठवासी', 'पैगंबरवासी' यांत गेलेला कुठे पोचला तेही आपण ठरवतो, ते त्या त्या श्रद्धेच्या माणसांनी वापरावेत. 'महापरिनिर्वाण' बाबासाहेब आंबेडकरांसाठी रूढ झालं ते त्यांच्या अनुयायांच्या श्रद्धेतून, आणि ६ डिसेंबरच्या दिवशी दुसरा शब्द वापरावासा वाटू नये इतकं ते पक्कं झालं आहे.

हत्या झाली असेल तर नामातच बाजू उघडी पडते. 'गांधीवध' म्हणणारे आणि 'गांधीहत्या' किंवा 'गांधीजींचा खून' म्हणणारे एकाच घटनेबद्दल बोलतात, पण एकाच ठिकाणी उभे नसतात. संस्कृतात 'वध' म्हणजे नुसतं मारणं. महाभारतात अभिमन्युवधपर्व आहे, आणि वाल्मीकीच्या कवितेची सुरुवातच क्रौंचवधाने होते. ना अभिमन्यू दुष्ट होता, ना तो पक्षी. पण मराठीत कंसवध, रावणवध, अफझलखानवध अशा जोड्यांमुळे 'वध' म्हणजे मारण्याजोग्याला मारणं हा भाव घट्ट बसला आहे. आता 'संस्कृतात तसं नाही' ही सबब चालणार नाही. मराठीत लिहिणाऱ्याने मराठी अर्थाची जबाबदारी घ्यावी, आणि मी स्वतः 'गांधीवध' कधीही लिहिणार नाही.

राहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. श्रद्धा नसताना ती वाहू नका, इतकं स्पष्ट सांगावंसं वाटतं. ज्याच्या कामाला जन्मभर विरोध केला पण ज्याचा वकूब मान्य होता, त्याच्यासाठी 'आदरांजली' चालेल. तेवढंही मनात नसेल तर 'शोकसंवेदना' किंवा 'सांत्वन' आहे. श्रद्धांजली गेलेल्याला वाहायची असते, सांत्वन मागे राहिलेल्यांचं करायचं असतं, आणि त्यासाठी गेलेल्याबद्दलचं आपलं मत बदलावं लागत नाही. 'अमुक यांचं निधन झालं. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे.' एवढी दोन वाक्यं कुठलाही विरोधक मान ताठ ठेवून लिहू शकतो. त्यांच्या कारभाराबद्दलचं तिसरं वाक्य त्याच दिवशी लिहायचं की चार दिवसांनी, हे ज्याचं त्याने ठरवावं. 'आज नको' अशी कुणी विनंती केली तर ती मानण्याजोगी असू शकते. मात्र ती स्वतःच्या शब्दांत करावी, रामाच्या नावावर नाही.